विश्लेषण : झारच्या अंतावर चित्रपट झाला; मग वाशिमच्या वाकाटकांच्या अंताची गोष्ट कुठे आहे?

रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस, त्याची पत्नी अलेक्झांड्रा आणि त्यांची पाच मुले यांच्या अखेरच्या दिवसांची गोष्ट सांगणारा ‘निकोलस अँड अलेक्झांड्रा’ हा चित्रपट १९७१ मध्ये आला. तीन तासांहून मोठा, राजवाडे, पोशाख आणि सैन्याच्या रांगांनी भरलेला. असे चित्रपट आता रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावातही मोबाइलवर पाहता येतात. पण रिठद ज्या वाशिम जिल्ह्यात आहे, तो जिल्हाच एका कोसळलेल्या राजघराण्याची राजधानी सांभाळून आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इथून राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या काळात अजिंठ्याची अनेक लेणी खोदली गेली आणि पुढे काही वर्षांत हे घराणे इतिहासातून नाहीसे झाले. त्या अंताची गोष्टही लिहिली गेली असावी, असे काही मोठे अभ्यासक मानतात. तिच्यात बेफिकीर राजा, बाजूला सारलेला वृद्ध मंत्री, दरबारात पेरलेला हेर, फितूर मांडलिक आणि मुलांना घेऊन पळणारी राणी आहे. प्रश्न एवढाच, की ती गोष्ट इतिहास म्हणून कितपत धरायची?

चित्रपटात नेमके काय आहे?

रॉबर्ट मॅसी यांच्या १९६७ च्या पुस्तकावर हा चित्रपट बेतलेला आहे. निर्माते सॅम स्पीगल, दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफ्नर. मायकेल जेस्टन निकोलसच्या, तर जॅनेट सुझमन अलेक्झांड्राच्या भूमिकेत. ऑस्करची सहा नामांकने आणि त्यातली दोन पारितोषिके, कला दिग्दर्शन व वेशभूषा यांसाठी. सोव्हिएत काळात रशियात जाऊन झारवर सहानुभूतीचा चित्रपट काढणे शक्य नव्हते, त्यामुळे बरेचसे चित्रीकरण स्पेनमध्ये झाले.

कथा सुरू होते ती १९०४ मध्ये, राजपुत्र अलेक्सीच्या जन्मापासून. चार मुलींनंतर झालेल्या या मुलाला हिमोफिलिया निघतो. या आजारात रक्त नीट गोठत नाही. साधा मुका मार लागला तरी जीव धोक्यात येऊ शकतो. हा दोष आईकडून, म्हणजे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या वंशातून आलेला. मुलाचा आजार जगापासून लपवला जातो, हताश आई रासपुतीन नावाच्या सायबेरियातल्या साधूवर विसंबते आणि त्याचा शब्द दरबारात चालू लागतो. पुढे महायुद्ध, राज्यत्याग, नजरकैद आणि १६-१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबर्गमधल्या तळघरात गोळीबार. कुटुंबातले सात आणि त्यांच्यासोबत राहिलेले चार, असे अकरा जण मारले गेले. १६१३ पासून चाललेली रोमानोव्ह घराण्याची सत्ता त्याआधी वर्षभर, मार्च १९१७ मध्येच संपली होती.

मॅसी यांच्या स्वतःच्या मुलाला हिमोफिलिया होता. झारच्या कुटुंबाकडे ते वळले ते त्यामुळे. पुस्तकाची आणि चित्रपटाची ताकद तिथेच आहे, आणि मर्यादाही. आजारी मूल, घाबरलेली आई, तिचे न मोडवणारा नवरा, या साखळीतून साम्राज्य कोसळताना दिसते. प्रेक्षकाला ते पटते, कारण घर सगळ्यांना कळते. पेट्रोग्राडमधल्या पावाच्या रांगा, संप, आघाडीवर मरणारे शेतकऱ्यांचे मुलगे हे चित्रपटात येतात, पण पार्श्वभूमी म्हणून. प्रत्यक्षात क्रांतीची ठिणगी पडली ती ८ मार्च १९१७ रोजी भाकरीसाठी रस्त्यावर उतरलेल्या गिरणी कामगार स्त्रियांमुळे. रासपुतीनचा तर त्याआधीच, डिसेंबर १९१६ मध्ये खून झाला होता.

एक जोड माहिती. हाच निकोलस युवराज असताना पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला होता आणि १८९० च्या डिसेंबरात मुंबईत उतरला होता. सोबत असलेला धाकटा भाऊ जॉर्ज आजारी पडल्याने त्याला मुंबईहूनच परत पाठवावे लागले.

वाशिम राजधानी कधी होती?

वाकाटक घराण्याचा मूळ पुरुष विंध्यशक्ती, साधारण इसवी सन २५० च्या आसपासचा. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन. वाकाटकांमध्ये ‘सम्राट’ ही पदवी लावणारा हा एकटाच. त्याच्यानंतर राज्य विभागले. एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धनहून राज्य करू लागली. चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिच शाखेत सून म्हणून आली, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत नाव येते ते बहुधा याच शाखेचे. दुसरी शाखा प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्म येथे सुरू केली. तीच वाशिमची.

ही दुसरी शाखा बराच काळ अभ्यासकांना नीट माहीतच नव्हती. १९३९ मध्ये वाशिममध्येच एक ताम्रपट सापडला आणि चित्र बदलले. दुसरा विंध्यशक्ती या राजाने आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्महून दिलेले हे दानपत्र. नांदेडकडच्या भागातले एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, अशी त्याची दुहेरी भाषा. लोकांना समजायला हवे ते लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत, इतका व्यवहारी विचार त्यात दिसतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या ताम्रपटावर काम केले आणि पुढे वाकाटकांच्या सगळ्या कोरीव लेखांचा संग्रह सिद्ध केला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ आजही या विषयाचा पाया आहे.

वाशिम जिल्ह्यातच हिस्सेबोराळा येथे सापडलेला शिलालेख याहून बोलका आहे. देवसेन राजाच्या काळातला, शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५७-५८ चा. वाकाटक राजे एरवी स्वतःच्या कारकीर्दीची वर्षे मोजत, त्यामुळे त्यांचा नेमका काळ ठरवणे हे इतिहासकारांचे कायमचे दुखणे. इथे मात्र थेट शक वर्ष मिळाले. आणि लेख कशाचा, तर देवसेनाच्या आज्ञेवरून स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने बांधलेल्या ‘सुदर्शन’ तलावाचा. लढाई नाही, दान नाही. पाणी अडवल्याची नोंद. उन्हाळ्यात पाण्याची चणचण काय असते हे रिठद-रिसोड भागात कुणाला वेगळे सांगायला नको. पंधराशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यालाही ती ठाऊक होती, एवढे त्या दगडावरून कळते.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. वत्सगुल्म शाखेचा, आणि ज्ञात पुराव्यानुसार वाकाटकांचाच शेवटचा मोठा राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदवले. तिथल्या लेखात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र या देशांची नावे येतात. लेख भंगलेला असल्याने त्या वाक्याचे क्रियापदच गेले आहे. हे देश त्याने जिंकले, की त्यांच्यावर वचक ठेवला, की आणखी काही, हे ठामपणे सांगता येत नाही. एका फुटलेल्या ओळीत अर्ध्या भारताचा राजकीय नकाशा अडकून पडावा, असा हा प्रकार.

मग हे राज्य कोसळले कसे?

इथे पुरावा संपतो. हरिषेणानंतरच्या राजाचे नाव सांगणारा एकही कोरीव लेख नाही. नाणी, दानपत्रे, काहीच नाही. मिराशींनी हरिषेणाचा काळ साधारण ४७५ ते ५०० धरला. अजिंठ्यावर आयुष्य वेचलेले अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तो ४६० ते ४७७ असा अलीकडे ओढला. कोणताही धरला तरी पुढची ओळ कोरी आहे.

ही कोरी ओळ भरण्यासाठी अभ्यासक वळले ते एका कथाग्रंथाकडे. दंडी या संस्कृत लेखकाचे ‘दशकुमारचरित’. दहा तरुणांच्या साहसांच्या या ग्रंथातला आठवा उच्छ्वास म्हणजे ‘विश्रुतचरित’. त्याची सुरुवातच विदर्भातून होते. या प्रकरणामागे वाकाटकांच्या शेवटाची आठवण असावी, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला गेला होता. मिराशींनी त्याला भक्कम युक्तिवादाची जोड दिली आणि स्पिंक यांनी त्याच्या आधारावर अजिंठ्याच्या शेवटच्या वर्षांचा जवळजवळ महिनेवार हिशेब मांडला.

दंडीच्या गोष्टीत काय घडते?

पटकथाकाराने हात चोळावेत अशी ही गोष्ट आहे. विदर्भात पुण्यवर्मा नावाचा आदर्श राजा होऊन गेला. त्याचा मुलगा अनंतवर्मा. बुद्धीने तल्लख, कलांमध्ये निपुण, पण राज्यकारभाराच्या विद्येकडे त्याचे दुर्लक्ष. वडिलांच्या वेळचा वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला एकांतात समजावतो : बाकी सगळे गुण असले तरी राजनीतीची आच लागल्याशिवाय ते उजळत नाहीत. राजाला पटतेही. तो अंतःपुरात जाऊन तसे बोलून दाखवतो.

तिथे बसलेला असतो विहारभद्र. गाणे-बजावण्यात तरबेज, तोंडाळ, लाचखाऊ, राजाचा लाडका. तो हसून सुरुवात करतो आणि राजनीतीच्या शास्त्राचीच टर उडवतो. चाणक्याने सहा हजार श्लोकांएवढे शास्त्र लिहिले. ते शिकता शिकता म्हातारपण येणार. शिकलाच, तर पुढे काय? राजाने दिवसाचे आठ भाग करायचे आणि प्रत्येक भागात नवे संकट. सकाळी तोंड धुतले की जमाखर्च ऐकायचा. आणि तो ऐकत असतानाच अधिकारी दुप्पट चोरणार. चाणक्याने चोरीच्या चाळीस वाटा सांगितल्या, हे लोक स्वतःच्या अकलेने त्यांच्या हजार करतात! मग भांडणाऱ्या लोकांचे तंटे ऐका, मग जेवताना विषाची भीती, मग हेरांचे अहवाल, रात्री झोपायला जेमतेम थोडा वेळ. त्यापेक्षा तुमच्याकडे हत्ती, घोडे, खजिना सगळे आहे, सुखाने भोगा की. आणि हे मंत्री तुम्हाला संयम शिकवतात, त्यांच्या घरी जाऊन तेच सुख ते भोगत नाहीत का?

हे भाषण संस्कृत साहित्यातल्या उत्तम उपहासांपैकी एक आहे. वाचणारा हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते, की विहारभद्राचे निम्मे म्हणणे खरे आहे. म्हणूनच ते घातक ठरते. वसुरक्षित ओळखतो, की आता राजा आपल्याकडे पूर्वीसारखे पाहत नाही, गुपिते सांगत नाही, आपल्या शत्रूंना जवळ करतो. पण पिढीजात निष्ठा सोडून जायचे कुठे, म्हणून तो थांबतो.

शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू ही संधी हेरतो. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, बापाने हाकलून दिल्याचे सोंग करून, गवई-नर्तकींचा ताफा घेऊन विदर्भात येतो. राजाला जे जे आवडते त्या प्रत्येकाचे तो शास्त्रशुद्ध समर्थन करतो. शिकार? तिच्यासारखा व्यायाम नाही. जुगार? पैशाचा मोह सुटतो. दारू? मनातले सल धुऊन निघतात. राजा करतो तसे प्रजा आणि अधिकारीही करू लागतात. कुणी कुणाचा दोष काढत नाही, कारण सगळेच त्यात. उत्पन्न आटते, खर्च वाढतो. अश्मकाची माणसे शिकारीच्या निमित्ताने विदर्भाच्या सैनिकांना दरीत नेऊन, रान पेटवून, पाण्यात विष कालवून मारत राहतात.

मग शेवटचा डाव. वसंतभानू दक्षिणेकडच्या वनवासीच्या राजाला विदर्भावर चढाई करायला लावतो. अनंतवर्मा मांडलिकांना बोलावतो आणि सगळ्यांत आधी मदतीला हजर होतो तो वसंतभानूच. छावणीत कुंतलच्या राजाची नर्तकी अनंतवर्मा स्वतःकडे ओढून घेतो. दुखावलेल्या कुंतलपतीच्या कानाशी वसंतभानू लागतो; मुरल, ऋषिक, कोकण, नाशिक इथले राजे एकेक करून फोडले जातात. दुसऱ्या दिवशी लढाईत समोरून वनवासीचे सैन्य आणि मागून स्वतःचेच मांडलिक. अनंतवर्मा मारला जातो. लूट वाटताना वसंतभानू साळसूदपणे म्हणतो, तुम्हीच वाटून घ्या, मला द्याल त्यात समाधान आहे. मांडलिक आपसात भांडून संपतात आणि विदर्भ आयता त्याच्या पदरात पडतो.

राणी वसुंधरा मुलगी मंजुवादिनी आणि लहान मुलगा भास्करवर्मा यांना घेऊन निसटते. वसुरक्षित त्यांना वाट काढून देतो आणि वाटेतच तापाने मरतो. माहिष्मतीला अनंतवर्म्याचा सावत्र भाऊ मित्रवर्मा त्यांना आश्रय देतो, पण त्याचा डोळा राजपुत्राच्या जिवावर आहे हे राणीला कळते. ती मुलाला एका म्हाताऱ्या सेवकाबरोबर रानात पाठवून देते. तिथे तहानलेल्या मुलासाठी पाणी काढताना म्हातारा विहिरीत पडतो आणि कडेला रडणारे पोर विश्रुत या कथानायकाला सापडते.

यातला खरा इतिहास किती?

अंदाजाला जागा आहे, पण खात्रीला नाही. आधी जुळणाऱ्या गोष्टी. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा अज्ञात वारस, असे समीकरण मिराशी-स्पिंक मांडतात. दंडीने दिलेली राज्यांची मांडणी, म्हणजे मध्ये बलाढ्य विदर्भ आणि भोवती कुंतल, अश्मक, ऋषिक, नाशिक हे त्याचे मांडलिक, ही वाकाटकांच्या अखेरच्या काळाशी जुळते. दंडीच्या स्वतःच्या पल्लव काळाशी ती जुळत नाही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या लेखात अश्मक राजाच्या भव्विराज या मंत्र्याचा गौरव आहे आणि वाकाटक राजाचे नावही नाही. दंडी कांचीचा, पण ‘अवंतिसुंदरीकथे’त त्याचे पूर्वज अचलपूरचे होते असे आले आहे. ते विदर्भातलेच अचलपूर असेल, तर घरातल्या सांगोवांगीतून जुनी हकिकत त्याच्यापर्यंत पोहोचली असणे अशक्य नाही.

आता न जुळणाऱ्या. दंडीचा काळ सातव्या शतकाचा शेवट ते आठव्याची सुरुवात, म्हणजे घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षे. त्याच्या राजांची नावे ‘वर्मा’ने संपतात, वत्सगुल्मच्या राजांची बहुतेक ‘सेन’ने. तो त्यांना भोजवंशी म्हणतो. वाकाटक विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण. विदर्भाच्या राजाला भोज म्हणण्याची कवींची जुनी रीत होती हे खरे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. शिवाय कथेचा साचा ओळखीचा आहे : व्यसनी राजा, दुर्लक्षित मंत्री, मधुर बोलणारा घातकी. हा साचा राजनीतीच्या उपदेशासाठी वापरला जातच असे. त्यामुळे सर्व अभ्यासक हे समीकरण मान्य करत नाहीत.

अजिंठा मात्र एक वेगळी साक्ष देतो. तिथली अनेक लेणी अर्धवट आहेत. २४ क्रमांकाचे लेणे पूर्ण झाले असते तर ते तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरले असते. आज त्यात खांब कोरायच्या वेगवेगळ्या पायऱ्या जशाच्या तशा थांबलेल्या दिसतात. स्पिंक यांच्या मते हरिषेणाच्या मृत्यूनंतर आश्रयदात्यांनी सगळी कामे टाकून आधी गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्ती घाईघाईने उरकल्या. नंतर ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने छोट्या मूर्ती कोरून घेतल्या आणि ४८० च्या सुमारास काम थांबले. त्यांची वर्षे वादग्रस्त आहेत. पण छिन्नी अचानक खाली ठेवली गेली, हे तिथे जाणाऱ्या कोणालाही दिसते.

राजघराण्यांच्या गोष्टी अशाच का सांगितल्या जातात?

झारच्या चित्रपटात दोष रासपुतीनकडे जातो, दंडीच्या कथेत विहारभद्र आणि चंद्रपालित यांच्याकडे. राजा वाईट नसतो. तो दुबळा असतो आणि कोणीतरी त्याचे कान भरतो. ही मांडणी प्रेक्षकाला सोयीची आहे, कारण एक चेहरा मिळतो. पण वाकाटकांच्या बाबतीत तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून वाचली, तर मांडलिकांची बाजू दिसते. अजिंठ्यात लाखोंचा खर्च करणारे मंत्री आणि सामंत स्वतःच छोटे राजे होते. मध्यवर्ती सत्ता जितकी पसरलेली, तितकी ती यांच्या मर्जीवर. असे राज्य एका नर्तकीवरून मोडत नाही. नर्तकी हे निमित्त, आणि कथेला ते हवे असते.

ज्याच्यावर दोष येतो, त्याचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवरचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. छत्रपती संभाजी महाराजांना १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडण्यात आले, त्या प्रसंगात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. तिथे निदान कागदपत्रे आहेत, बखरी आहेत, वाद घालायला दोन्ही बाजू आहेत. वसंतभानूच्या बाजूने बोलायला कुणीही उरलेले नाही. उद्या वत्सगुल्मवर चित्रपट निघाला तर अश्मक देशाचा, म्हणजे गोदावरीकाठच्या पैठण-नांदेड-बोधन या पट्ट्याचा राजा खलनायक ठरणार, आणि तो ठरणार केवळ दोनशे वर्षांनी लिहिलेल्या एका कथेच्या भरवशावर.

दुसरे साम्य वारसाचे. रोमानोव्हांच्या हत्येनंतर कितीतरी वर्षे धाकटी राजकन्या अनास्तासिया वाचल्याची वदंता फिरत राहिली. अ‍ॅना अँडरसन या स्त्रीने आपणच ती असल्याचा दावा जन्मभर केला. पुढे डीएनए चाचणीने तो खोटा ठरला. झार कुटुंबाचे अवशेष १९७९ मध्ये सापडले होते, ते जाहीर झाले १९९१ मध्ये. उरलेल्या दोन मुलांचे २००७ मध्ये मिळाले. सगळे तळघरातच संपले होते. तरी लोकांना एक तरी मूल वाचलेले हवे होते. दंडीने ते मूल दिले आहे. विश्रुत त्या पोराला घेऊन माहिष्मतीला जातो आणि विषात भिजवलेल्या फुलांच्या माळेने मित्रवर्म्याला मारवतो. मग दुर्गेच्या देवळातून, जणू देवीनेच सांभाळून ठेवलेला, असा राजपुत्र लोकांसमोर आणतो. लोक विश्वास ठेवतात. विश्रुत मात्र वाचकाला आपली सगळी युक्ती सांगून मोकळा होतो; देवीचा चमत्कार हा कसा रचला, हे दंडी लपवत नाही. राजा परत आणायचा तर आधी गोष्ट रचावी लागते, हे त्याला पक्के माहीत होते.

आणि नेमक्या इथेच, विदर्भ परत मिळवण्याची तयारी सुरू असताना, दंडीचा मजकूर तुटतो. भास्करवर्मा विदर्भाच्या गादीवर बसल्याचा जो शेवट आज छापील प्रतींत वाचायला मिळतो, तो नंतर कुणीतरी जोडलेला आहे.

वत्सगुल्मचे पुढे काय झाले?

गाव उरले, नाव उरले. राजशेखर या दहाव्या शतकाच्या सुमाराच्या लेखकाने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते वत्सगुल्म नगरात. राजधानी जाऊन चारशे वर्षे झाली होती, तरी वैदर्भी रीतीच्या गोड लिखाणाशी या गावाचे नाव जोडलेले होते. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी. त्याच्या ‘हरिविजय’ काव्याचा उल्लेख नंतरचे साहित्यशास्त्री आदराने करतात. ते काव्य आज पूर्ण उपलब्ध नाही.

घराण्याचा म्हणावा असा एक धागा मात्र आंध्रात सापडतो. विष्णुकुंडी राजांच्या चिक्कुळ्ळ ताम्रपटात विक्रमेंद्रवर्मा या राजाचे वर्णन विष्णुकुंडी आणि वाकाटक या दोन्ही वंशांना भूषण ठरलेला असे येते. म्हणजे त्याची आई वाकाटकांची मुलगी होती. दंडीच्या मंजुवादिनीला नाव आहे, वय आहे, रूप आहे. या खऱ्या राजकन्येची ओळख त्या ओळीत फक्त तिच्या माहेरच्या घराण्यापुरती आहे.